बारा डिसेंबर : केनियातील ओसवालांचे घर

डिसेंबरची बारा तारीख केनियात ‘जम्हूरी दिन’ म्हणून साजरी होते. १९६३ साली याच तारखेला केनिया इंग्रजांच्या सत्तेतून मुक्त झाला आणि बरोबर एका वर्षाने, १९६४ साली, प्रजासत्ताक बनला. स्वाहिली भाषेत ‘जम्हूरी’ म्हणजे प्रजासत्ताक. नैरोबीत संचलन होते, राष्ट्राध्यक्षांचे भाषण होते आणि काळा, तांबडा, हिरवा व पांढरा अशा रंगांचा, मध्यभागी ढाल-भाले असलेला ध्वज सर्वत्र फडकतो. नैरोबी, मोंबासा, किसुमू येथील जैन कुटुंबांच्या दृष्टीने मात्र या तारखेला आणखी एक अर्थ आहे. याच तारखेने एकेकाळी त्यांना विचारले होते, ‘तुमचे घर नेमके कोणते?’

या कुटुंबांपैकी बहुसंख्य हालारी विसा ओसवाल. जामनगरच्या आसपासची बावन्न गावे हे त्यांचे मूळ स्थान. कोरडवाहू शेती, अपुरा पाऊस आणि विक्रम संवत १९५६ चा भीषण ‘छप्पनियो’ दुष्काळ यांमुळे तेथील तरुण समुद्राकडे वळले. मोसमी वाऱ्यांच्या आधारे चालणाऱ्या गलबतांतून अरबी समुद्र ओलांडून ते मोंबासाच्या किनाऱ्यास लागले. १८९६ साली मोंबासाहून सुरू झालेले रेल्वेचे काम १९०१ साली व्हिक्टोरिया सरोवरापर्यंत पोहोचले आणि त्या मार्गाच्या आधाराने व्यापारही आतल्या मुलुखात शिरला. उंच पठारावरील सुपीक जमीन गोऱ्या वसाहतवाल्यांसाठी राखीव होती. मूळचे शेतकरी असलेल्या या लोकांना तेथे नांगर धरणे शक्य नव्हते. त्यांनी तागडी हाती घेतली. पत्र्याच्या छपराखाली मीठ, साखर, कापड, घासलेट विकायचे आणि दुकानामागच्या खोलीत संसार मांडायचा, अशी कित्येक घरांची सुरुवात झाली.

या व्यवहाराच्या खुणा आजही स्वाहिली भाषेत सापडतात. तेथे दुकानाला ‘दुका’, विम्याला ‘बिमा’, धनादेशाला ‘हुंडी’ आणि लाखाला ‘लाकी’ म्हणतात. चहा आणि चपाती तर केनियाच्या प्रत्येक वस्तीत पोहोचली आहे. माणसाला परक्या देशात रुजायला पिढ्या लागतात. शब्द मात्र त्याच्या आधीच रुजतात.

स्वातंत्र्य आले तेव्हा खरी कसोटी लागली. ज्याचा जन्म केनियातला आणि ज्याच्या आई किंवा वडिलांचाही जन्म तेथलाच, तो आपोआप नागरिक ठरला. इतर रहिवाशांना नोंदणीसाठी दोन वर्षांची मुदत मिळाली. ती १२ डिसेंबर १९६५ रोजी संपणार होती. केनियाचे नागरिकत्व घ्यायचे तर ब्रिटिश पारपत्र सोडावे लागणार होते. व्यापारी माणूस सारे भांडवल एकाच मालात गुंतवत नाही. म्हणून कित्येक घरांत एका भावाने केनियाचे नागरिकत्व घेतले, दुसऱ्याने ब्रिटिश पारपत्र जपले. चूल एक, पेढी एक, पण देश दोन! या सावधगिरीला कोणी भित्रेपणा म्हणेल. परंतु मुलांच्या भवितव्याची जबाबदारी ज्यांच्यावर होती, त्यांच्यासाठी तो निर्णय सोपा नव्हता.

पुढे १९६७ साली परवान्यांचे नवे कायदे आले. नागरिक नसलेल्यांना ठरावीक ठिकाणी आणि ठरावीक मालाचा व्यापार करण्यास बंदी झाली. अनेक कुटुंबांना दुकानाच्या किल्ल्या दुसऱ्यांच्या हाती द्याव्या लागल्या. ब्रिटनकडे ओघ वाढताच १९६८ साली ब्रिटनने कायदा करून आपल्याच पारपत्रधारकांच्या प्रवेशावर मर्यादा घातल्या. १९७२ साली शेजारच्या युगांडात तर इदी अमीनने आशियाई लोकांना नव्वद दिवसांत देश सोडण्यास फर्मावले. केनियात राहिलेल्यांनी हे सारे पाहिले, आणि तरीही ते राहिले.

या राहण्याची साक्ष मोंबासाचे देरासर देते. पार्श्वनाथ प्रभूंचे हे संगमरवरी, शिखरबंद देरासर उभे राहिले ते १९६३ सालीच. उद्या निघून जायचे आहे अशा मनाने कोणी दगडात शिखर बांधत नाही. मात्र घर हे केवळ देरासराने होत नाही. शेजाऱ्याने आपले म्हणावे लागते. केनियाचे पहिले नेते जोमो केन्याटा यांनी देशाला ‘हरांबी’ ही हाक दिली होती : सर्वांनी मिळून भार ओढावा. आपल्या परंपरेतील परस्परोपग्रहाचे तत्त्व याहून वेगळे काय सांगते? शाळा, दवाखाने, दुष्काळातील अन्नवाटप या मार्गांनी जेव्हा व्यापाऱ्याचे धन समाजाकडे परत वळते, तेव्हा अपरिग्रह हा शेजाऱ्यालाही समजेल असा धर्म होतो.

जुलै २०१७ मध्ये केनिया सरकारने तेथील आशियाई वंशाच्या नागरिकांना देशातील ४४ वा समाज म्हणून मान्यता दिली. २०१० च्या राज्यघटनेने दुहेरी नागरिकत्वाचीही मुभा दिली होती. पूर्वजांना जी निवड जिवावर आली, ती नातवंडांपुढे तितक्या कठोरपणे उभी नाही. आज या घरांतून मक्याचा उगाली आणि सुकुमा विकीची पालेभाजी कांदा वगळून रांधता येते. केनियात घरोघरी आवडीने खाल्ला जाणारा मोगो हा कंद असल्याने नियम पाळणारे तो टाळतात. देशाची चव स्वीकारावी आणि व्रतही सांभाळावे, हा तोल शेवटी स्वयंपाकघरातच साधला जातो.

ही कथा महाराष्ट्रातील जैन कुटुंबांना परकी वाटू नये. मारवाड, गुजरात, कच्छ येथून निघालेल्या कित्येक पूर्वजांनी पुणे, नगर, सोलापूरकडच्या पेठांत अशीच दुकाने मांडली. त्यांच्या वह्या एका लिपीत होत्या आणि गिऱ्हाइकाशी बोलणे दुसऱ्या भाषेत. आज त्यांची नातवंडे मराठीत भांडतात, मराठीत हसतात आणि संवत्सरीला शेजाऱ्याची क्षमाही मराठीतच मागतात. समुद्र ओलांडलेला असो वा केवळ डोंगर, जेथे आपण क्षमा मागतो आणि जेथे आपल्याला क्षमा मिळते, तेच घर.