शाळेच्या नाटकातला आवाज

गावच्या शाळेत नाटक बसते, तेव्हा आवाजाची बाजू बहुधा कर्णेवाल्यावर सोपवली जाते. खरे म्हणजे ती विद्यार्थ्यांनाच शिकवावी. रंगमंचावर बुजणाऱ्या मुलालाही त्यातून जबाबदारीचे काम मिळते.

प्रथम संहिता वाचून कोणत्या वाक्यानंतर कोणता आवाज, आणि किती वेळ, हे वहीत लिहावे. मग आवाज तयार करावेत. पातळ पत्रा हलवला की गडगडाट होतो. सुपात वाटाणे फिरवले की पाऊस पडतो. करवंट्या आपटल्या की घोडा दौडतो. मोबाइलवरचे ध्वनी वापरायचे, तर त्यावर फोन येणे आधी बंद करावे. नाहीतर ऐन दरबारात घंटी वाजायची!

कर्णा मायक्रोफोनच्या पुढे, प्रेक्षकांकडे तोंड करून ठेवावा. त्याचा आवाज परत मायक्रोफोनमध्ये शिरला, की शिट्टी सुरू होते. तालमीत एका मुलाने शेवटच्या रांगेत बसून ऐकावे. संवाद बुडत असेल, तर पाऊस हलका करावा. बंद दालनात माणसे भरली, की ती ध्वनी शोषतात. म्हणून प्रयोगाच्या वेळी आवाज थोडा वाढवावा लागतो.

शेवटी, मागे बसलेल्या आईला आपल्या लेकराचे वाक्य स्पष्ट ऐकू आले पाहिजे. ते आले, की ध्वनियोजना साधली म्हणायची.