ॲप्रॅक्सिया : वाणीची एक व्याधि

‘पाणी’ हा लहानसा शब्द आपण दिवसांतून अनेक वेळां उच्चारतों. परंतु त्या वेळीं मुखांत काय घडतें, याचा विचार क्वचितच करतों. प्रथम ओंठ मिटून उघडतात, कंठांतून स्वर निघतो, जिभेचें टोंक मागें वळून टाळूस लागतें आणि त्याच क्षणीं श्वास नाकावाटे जातो. हीं सर्व कामें ठराविक क्रमानें व्हावीं अशी योजना मेंदू करीत असतो. या योजनेंत बिघाड झाला म्हणजे जी व्याधि जडते, तिला वैद्यकशास्त्रांत ‘ॲप्रॅक्सिया ऑफ स्पीच’ म्हणतात. ‘ॲप्रॅक्सिया’ हा शब्द मूळ ग्रीक असून ‘क्रियेचा अभाव’ असा त्याचा अर्थ आहे.

‘डिसार्थ्रिया’ या विकारांत बोलण्याचे स्नायूच दुर्बल होतात किंवा त्यांवरील ताबा सुटतो. ‘अफेजिया’ या विकारांत शब्द आठवणें वा समजणें कठीण जातें. ॲप्रॅक्सियांत मात्र शब्द मनांत तयार असतो, स्नायूंतही बळ असतें. पण त्यांची सांगड जुळत नाहीं. रोगी ओंठ व जीभ चांचपडत हलवितो. ‘पाणी’च्या जागीं कधीं ‘बाणी’ तर कधीं ‘पाडी’ म्हणतो. चूक उमगून पुनः प्रयत्न करतो. शब्द जितका लांब, तितका त्रास अधिक. नवल असें कीं, अंगवळणीं पडलेला ‘नमस्कार’ किंवा १ ते १० अंक तोच मनुष्य पुष्कळदां सहज म्हणून जातो!

वाणीचें स्थान मेंदूच्या पुढील भागांत आहे, असें पॅरिसचे पॉल ब्रोका यांनीं १८६१ सालीं एका मृत रोग्याचा मेंदू तपासून दाखविलें. तो रोगी ‘टॅन’ एवढेंच बोलूं शकत असे. १९०० सालीं जर्मन वैद्य ह्यूगो लीपमन यांनीं हातापायांच्या ॲप्रॅक्सियाचें विवेचन केलें. आणि १९६० नंतर अमेरिकेंतील फ्रेडरिक डार्ली यांनीं वाणीच्या ॲप्रॅक्सियास निराळी व्याधि म्हणून मान्यता मिळवून दिली.

प्रौढांस ही व्याधि बहुधा पक्षाघातानें किंवा डोक्यास इजा झाल्यानें जडते. कांहीं मुलांत ती बालपणापासूनच असते, व तिचें कारण पुष्कळदां सांपडत नाहीं. तिजवरील मुख्य उपाय म्हणजे वाचातज्ज्ञाच्या देखरेखीखालीं सावकाश, तालावर, समोरच्याच्या ओंठांकडे पाहून वारंवार केलेला उच्चाराभ्यास.

विद्यार्थी मित्रहो, अडखळणाऱ्या सोबत्यास कोणी ‘मठ्ठ’ वा ‘आळशी’ म्हणूं लागल्यास हें स्मरावें कीं, उच्चार अडला म्हणजे बुद्धि अडली असें नव्हे. त्याचें वाक्य आपण घाईनें पुरें करूं नये. त्यास अवकाश द्यावा. शांतपणें ऐकून घेणारा कान हें त्याच्या वाणीस मोठेंच साहाय्य आहे.