बोटांना सापडणारे बटण

साठीनंतर डोळ्यातील भिंगाची लवचिकता जवळजवळ संपलेली असते. रस्त्यावरून जवळच्या पडद्याकडे वळलेली नजर स्थिरावण्यास वेळ लागतो. ताशी ६० किलोमीटर वेगाची मोटार दोन सेकंदांत सुमारे ३३ मीटर पुढे गेलेली असते. म्हणूनच वायपरसारखी सोय टचस्क्रीनमध्ये दडवणे मला अयोग्य वाटते, दिसायला ते कितीही देखणे असो. उंचवट्याचे बटण न पाहताही बोटांना सापडते. कापऱ्या हाताने सपाट काचेवरील नेमके चिन्ह दाबणे अवघड. ‘युरो एनकॅप’ या युरोपीय संस्थेने २०२६ पासूनच्या सुरक्षा-गुणांकनात इंडिकेटर, हॉर्न, वायपर आदींच्या स्वतंत्र बटणांना महत्त्व दिले आहे. ज्येष्ठांसाठी मोटार घेताना त्यांनाच चालकाच्या आसनावर बसवावे आणि उभ्या गाडीत, समोर पाहतच, वायपर सुरू करावयास सांगावे.