त्र्याण्णव टक्के

शेजारच्या आजींचं ऑक्सिजनचं यंत्र पावसाळाभर माळ्यावर पडून होतं. पुन्हा लावलं तेव्हा घरघर तीच होती, नळीतून वाराही येत होता, पण आजींचा दम काही बसेना. असं यंत्र आतून निकामी कशानं होतं, ते पाहायला मी ते घेऊन दुरुस्तीच्या दुकानात गेलो.

"त्र्याण्णव पाहिजे सर," कारागिरानं ऑक्सिजनचा मीटर लावला. "हे साठसुद्धा देत नाहीये."

आत दोन नळकांडी, त्यांत खसखशीएवढे फिकट मणी. हे झिओलाइट. सीलबंद डब्यातले चिमूटभर कोरडे मणी त्यानं माझ्या तळहातावर ठेवले आणि वर पाण्याचे दोन थेंब सोडले. चटका बसला! आग नाही, वीज नाही. पाणी ओढून घेताना मणीच तापले. १७५६ मध्ये स्वीडनचा खनिजशास्त्रज्ञ क्रोन्स्टेट यानं नेमकं उलट पाहिलं होतं: तापवलेला दगड आतलं पाणी सोडत फसफसला. आपल्या काळ्या पाषाणाच्या पोकळ्यांतही झिओलाइटचे सुरेख स्फटिक मिळतात, वाघोलीच्या खाणींतले तर जगभरच्या संग्रहालयांत गेले आहेत. यंत्रातलं मात्र कारखान्यात घडवलेलं.

झिओलाइटच्या एका ग्रॅमच्या आत शेकडो चौरस मीटर पृष्ठभाग असतो. दाबाखाली हवा शिरली की तिथले सोडियम किंवा लिथियमचे आयन नायट्रोजनला घट्ट धरतात, ऑक्सिजन पुढे निघून जातो. दाब उतरला की नायट्रोजन सुटतो. दोन नळकांडी हे काम आळीपाळीनं, काही सेकंदांच्या फेऱ्यांत करतात. आर्गॉन ऑक्सिजनबरोबरच बाहेर पडतो, म्हणून शंभर कधीच नाही, त्र्याण्णवच्या आसपास.

पाण्याची पकड मात्र दाब उतरवून सुटत नाही. दमट हवेनं त्या जागा एकदा अडवल्या की नायट्रोजनला थारा उरत नाही. २०२१ च्या उन्हाळ्यात, कोविडच्या लाटेत, जिवाच्या आकांतानं आणलेली कितीतरी यंत्रं पुढे कपाटात गेली. ती तिथे बिघडत असतील, हे कोणी पाहिलं? यंत्र घेण्याइतकंच मोल ते राखणाऱ्या हातांना हवं.

कारागिरानं नवे मणी भरले, नळकांडं ठोकून ठोकून घट्ट बसवले. सैल राहिले तर एकमेकांवर घासून त्यांचा भुगा होतो. यंत्र सुरू झालं. मी पाकीट काढलं.

"थांबा, त्र्याण्णव येऊ दे."

आकडा ८८ वर अडला. झाकणाची रबरी रिंग बदलायला त्यानं पुन्हा पाना घेतला.