सरमिसळीमागचा हिशेब

तलासरी तालुका आणि डहाणू तालुक्याचा काही भाग मिळून १२८ क्रमांकाचा डहाणू विधानसभा मतदारसंघ होतो. निवडणुकीत कोणते मतदान यंत्र कोणत्या केंद्रावर जाणार, हे तिथे संगणक ठरवतो. सरकारी भाषेत याला ‘सरमिसळ’ म्हणतात. पहिल्या सरमिसळीत जिल्ह्यातली यंत्रे मतदारसंघांत वाटली जातात, दुसरीत मतदारसंघातली यंत्रे केंद्रांना. मतमोजणीच्या दिवशी मात्र व्हीव्हीपॅटच्या पडताळणीसाठी पाच केंद्रे कागदी चिठ्ठ्या उचलून निवडली जातात. (आधी एकच केंद्र निवडत, सर्वोच्च न्यायालयाने ८ एप्रिल २०१९ रोजी ते पाच केले.) एकाच निवडणुकीत या दोन्ही रीती दिसत असल्याने दोन उलटसुलट समज रूढ आहेत. संगणकाने निवडले म्हणजे निव्वळ नशीब, हा एक. संगणक सांगितल्याबाहेर काहीच करत नाही, म्हणून त्याची सरमिसळ आधीच ठरलेली आणि खरी सोडत फक्त चिठ्ठीची, हा दुसरा. यातल्या दुसऱ्याची सुरुवात बरोबर आहे, निष्कर्ष चुकीचा आहे.

संगणकाच्या भाषेत ‘रँडम’ आकडा मागितला की साधारणपणे गणितच चालते. एक छोटी कृती घ्या: आकड्याला ५ ने गुणा, ३ मिळवा, १६ ने भागून बाकी ठेवा, आणि त्या बाकीवर पुन्हा तेच करा. ७ पासून निघालात तर ६, १, ८, ११, १०, ५, १२, १५, १४, ९, ०, ३, २, १३, ४ असे आकडे येतात आणि मग पुन्हा ७. शून्य ते पंधरा प्रत्येक आकडा एकदाच आला, क्रमही विस्कटलेला दिसतो. पण नीट पाहा: विषम, सम, विषम, सम, शेवटपर्यंत. या आकड्यांच्या सम-विषमावरून कोणी केंद्रे निवडली, तर पुढचा कौल शाळकरी मूलही सांगेल. हे फक्त खेळण्यातल्या कृतीत घडते असे नाही. आयबीएमच्या मोठ्या संगणकांवर १९६० च्या दशकात वापरात असलेली ‘रँडू’ ही कृती याच घराण्यातली होती. तिचे आकडे तीन-तीनच्या गटांनी अवकाशात मांडले की सगळे बिंदू अवघ्या १५ प्रतलांवर येतात. आज पायथॉन या संगणकभाषेत नेहमीच्या कामाला असलेला ‘मर्सेन ट्विस्टर’ कितीतरी सरस आहे, त्याची साखळी परत पहिल्या जागी यायला २ चा १९९३७ वा घात वजा १ इतके आकडे जावे लागतात. तरीही त्याचे ३२ बिटांचे ६२४ आकडे सलग हाती लागले तर पुढचे सगळे काढता येतात. दिसायला विस्कटलेले असणे आणि अंदाज न लागणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आकडे उत्तम असले तरी ते वापरणारा प्रोग्रॅम घोटाळा करू शकतो. तीन यंत्रे पिसायची आहेत आणि प्रत्येक पायरीला तिन्हीपैकी कोणत्याही जागेशी अदलाबदल करायची, असे कोणी लिहिले तर वाटा होतात २७ आणि क्रम असतात ६. सत्तावीसला सहाने पूर्ण भाग जात नाही, म्हणजे काही क्रम जास्त वेळा येणारच. १९३८ च्या फिशर-येट्स रीतीत प्रत्येक पायरीला निवड एकाने कमी होते आणि हा दोष उरत नाही.

खरी मेख मात्र आरंभाच्या आकड्यात, म्हणजे ‘सीड’मध्ये असते. सीड ३२ बिटांचा असेल तर आरंभ शक्य आहेत सुमारे ४२९ कोटी. आणि ३०० केंद्रांचे संभाव्य क्रम मोजायला ६१५ अंकी संख्या लागते. उरलेले क्रम कधीच येणार नाहीत. त्याने लगेच अन्याय होतो असे नाही, पण सीड कोणाला आधी कळला तर सगळी यादीच कळते. नेटस्केप ब्राउझरने सीड घड्याळावरून आणि चालू प्रोग्रॅमच्या क्रमांकांवरून काढला होता. १९९५ मध्ये दोन विद्यार्थ्यांनी त्यावरून त्याचे गुप्त व्यवहार फोडता येतात हे दाखवून दिले. अमेरिकेत लॉटरी-संस्थेच्या माहिती-सुरक्षेची जबाबदारी असलेल्या एडी टिप्टनने प्रोग्रॅममध्येच असा बदल केला की वर्षातल्या ठरावीक दिवशी निकालाचा अंदाज यावा. २०१७ मध्ये त्याला शिक्षा झाली.

मग चिठ्ठीच बरी, असे कोणी म्हणेल. तलासरीसारख्या पूर्ण अनुसूचित क्षेत्रात सरपंचपदे अनुसूचित जमातींसाठीच असतात, तरी महिला आरक्षणाची सोडत निघतेच, आणि भरल्या सभागृहात लहान मुलाने उचललेली चिठ्ठी सगळ्यांना दिसते. हा मोठा गुण आहे. पण दिसणे म्हणजे पिसले जाणे नव्हे. १ डिसेंबर १९६९ रोजी अमेरिकेने सक्तीच्या सैन्यभरतीसाठी ३६६ जन्मतारखा कॅप्सूलमध्ये घालून उचलल्या, त्याही दूरचित्रवाणीवर. कॅप्सूल महिन्यामागून महिना अशा भरल्या होत्या, ढवळल्या नीट नव्हत्या. वर्षाच्या शेवटी जन्मलेल्यांचे नंबर ठळकपणे लवकर लागले. पुढच्या वर्षी सोडत काढणाऱ्यांना यादृच्छिक अंकांचाच आधार घ्यावा लागला.

यावर जाणकारांचा आक्षेप असतो: खरी अनिश्चितता हवी तर विद्युत-मंडलातला गोंगाट मोजावा, गणित कशाला? पासवर्डसाठी ते योग्यच. पायथॉनमधले ‘सीक्रेट्स’ हे साधन आकडे मागते ते ऑपरेटिंग सिस्टिमकडून, आणि ती यंत्रातली अनिश्चितता गोळा करून ते देते. सोडतीचे काम वेगळे आहे. गोंगाट पुन्हा तसाच घडवता येत नाही, त्यामुळे हरलेल्याला फेरतपासणीची सोय राहत नाही. गणिताची जी ‘खोट’ सांगितली जाते, तीच इथे उपयोगी पडते: तोच सीड द्या, तीच यादी येते. अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात २०१७ पासून मतपत्रिकांच्या तपासणीसाठी दहा बाजूंचे फासे लोकांसमोर टाकून सीड बनवतात. पुढची निवड कोणीही घरच्या संगणकावर करून ताडून पाहू शकतो. माझ्या मते चिठ्ठीचा उघडेपणा आणि गणिताची फेरतपासणी यांचा हा सर्वांत चांगला मेळ आहे, आणि आपल्याकडच्या सरमिसळीलाही तो मानवेल.

आजच्या रीतीतही पडताळणीची जागा आहे. दुसरी सरमिसळ उमेदवार किंवा त्यांच्या प्रतिनिधींसमोर होते, उमेदवारांची नावे यंत्रात त्यानंतरच बसवली जातात आणि केंद्रनिहाय यंत्रक्रमांकांची यादी उमेदवारांना मिळते. मतदान संपल्यावर प्रतिनिधीला मिळणाऱ्या नमुना १७-सी वर यंत्राचा क्रमांक असतोच. तलासरी तालुक्यातल्या झाईच्या किंवा उधव्याच्या केंद्रावर बसलेल्या प्रतिनिधीने ते दोन क्रमांक जुळवले, तर सरमिसळ कोणत्याही कृतीने केलेली असो, मधल्या वाटेत यंत्र बदलले का, हे तिथेच कळते.