‘सिन्स’ की ‘फॉर’?

माझ्या विद्यार्थ्यांच्या लेखनात एक वाक्य हमखास सापडते: ‘आय ॲम वर्किंग हिअर सिन्स टू इयर्स.’ यात दोन चुका आहेत. पण त्या निष्काळजीपणाच्या नाहीत.

मराठीत आपण ‘सोमवारपासून’ म्हणतो, तसेच ‘दोन वर्षांपासून’ही म्हणतो. एकच ‘पासून’ दोन्हीकडे चालते. इंग्रजीत मात्र आरंभबिंदू आणि कालावधी यांना वेगळे शब्द लागतात. पट्टीवरची खूण आणि दोन खुणांमधले अंतर यांत जो फरक, तोच इथे. खूण सांगायची असेल तर ‘सिन्स मंडे’, अंतर सांगायचे असेल तर ‘फॉर टू इयर्स’.

दुसरी चूक क्रियापदाची. ‘मी दोन वर्षांपासून इथे काम करतो’ असे म्हणताना मराठीला वर्तमानकाळ पुरतो. इंग्रजीत, पूर्वी सुरू झालेले काम आजही चालू आहे, हे क्रियापदातूनच दाखवावे लागते: ‘आय हॅव बीन वर्किंग हिअर फॉर टू इयर्स.’

फळ्यावर काळरेषा काढून मुलांनाच आपापली वाक्ये तिच्यावर मांडू द्या. नुसती लाल शाईने खोडलेली चूक पुढच्या वहीत पुन्हा दिसते. चुकीचे कारण कळले, की मुले ती स्वतःच पकडू लागतात.