पडद्यावरची उंच लाथ

२०१३ मध्ये व्होल्वोच्या जाहिरातीत, मागे जाणाऱ्या दोन ट्रकांच्या आरशांजवळ एकेक पाय ठेवून जाँ-क्लोद व्हॅन डॅम यांनी दोन्ही पाय सरळ रेषेत फाकवले आणि ते दृश्य जगभर गाजले. मात्र पाय असे फाकवता आले म्हणजे डोक्याच्या उंचीवर लाथ मारता येईलच, असे नाही. तेथे शरीराचे वजनच स्नायूंना ताणते. लाथेत पाय स्वतःच्या बळावर वर न्यावा लागतो. भिंतीला पाठ टेकून हाताने पाय शक्य तितका उचलावा आणि हात सोडावा. पाय जेवढा खाली येतो, तेवढी ताकद अजून कमवायची आहे.

दुसरी अडचण हाडांची. पाय थेट बाजूला उचलला, की मांडीच्या हाडाचा वरचा भाग खुब्याच्या खोबणीच्या कडेला अडतो. म्हणून कसलेला खेळाडू जमिनीवरल्या पायाची टाच लक्ष्याकडे फिरवतो. त्यासरशी कंबर वळते आणि वाट मोकळी होते. (प्रेक्षकांची नजर या पायावर क्वचितच जाते.) खोबणीची ठेवण माणसागणिक वेगळी, त्यामुळे काहींना वर्षानुवर्षांच्या सरावानंतरही ते साधत नाही, आणि त्यात आळसाचा भाग नसतो.

व्हॅन डॅम कराटेबरोबर बॅलेही शिकले होते. पाय संथपणे उचलून हवेत स्थिर धरण्याची तालीम तेथे मिळते. उलट ‘एंटर द ड्रॅगन’मध्ये (१९७३) उंच लाथा मारणारे ब्रूस ली शिकवताना गुडघ्यावर, नडगीवर मारायच्या लाथेला महत्त्व देत. अंग गरम करण्याआधीच चित्रपटातली लाथ मारून पाहिली, तर मांडीमागचा स्नायू एका झटक्यात फाटू शकतो आणि तो भरून यायला कित्येक आठवडे लागतात.